हिरड्याची तीन घरे

हिरड्याचे झाड जात मानीत नाही. पण त्याचे फळ झाडावरून खाली पडले की त्याला जात चिकटते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या कोल्हापूरच्या डोंगरी तालुक्यांत हे फळ पिढ्यान्‌पिढ्या गोळा होत आले. तिथून ते तीन घरांत जाई. पहिले घर वैद्याचे, आणि त्याच्या मागोमाग ज्याला आज कौतुकाने 'आजीबाईचा बटवा' म्हणतात त्या सोवळ्यातल्या बटव्याचे. दुसरे घर कुलकर्ण्याचे. तिसरे ढोराचे. पहिल्या घरात हिरडा औषध झाला. दुसऱ्या घरात हिरड्याच्या काढ्यात हिराकस पडला की काळीभोर शाई झाली. तिसऱ्या घरात बाभळीच्या सालीबरोबर तो कुंडात पडला, कातडे कमावले गेले, आणि त्याला घाण म्हणण्यात आले.

मी या तिसऱ्या घरातला.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, 'नैसर्गिक' आणि 'पर्यावरणस्नेही' हे दोन शब्द सध्या शहरी मध्यमवर्गाच्या घरात फार मानाने नांदत आहेत. भांडी राखेने घासावीत, रिठ्याने कपडे धुवावेत, मातीच्या मडक्यातले पाणी प्यावे, पत्रावळीवर जेवावे, करवंटीच्या पेल्यातून चहा घ्यावा, प्लास्टिकचा खराटा टाकून शिंदीची केरसुणी आणावी, मूल रडले की हिरडा उगाळून चाटवावा, असे उपदेश सर्वत्र ऐकू येतात. उपदेश वाईट नाहीत. प्लास्टिकने नद्या तुंबल्या आहेत आणि रसायनांनी पाणी नासले आहे, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. पंचगंगेत शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी किती वर्षे मिसळत आली ते तो जाणतो, आणि २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातून काविळीची साथ आली होती हेही त्याला आठवते. तेव्हा निसर्गाला कमी इजा करणारे घर चालवावे, याला कोणाही शहाण्या माणसाचा विरोध असणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या वस्तू आजवर कोण करीत होते आणि कोणत्या स्थितीत वापरीत होते? केरसुणी आणि दोरखंड मांगाने वळला. टोपली बुरुडाने आणि कैकाड्याने विणली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले तेव्हा मराठी वाचकाला कळले की, ज्या फोकाच्या टोपलीत आपल्या घरची भाकरी राहते ती विणणाऱ्याच्या घरात भाकरीच नसते. मडके कुंभाराचे. कातडे महाराने सोलले, ढोराने कमावले, चांभाराने शिवले. म्हणजे आज ज्याला पर्यावरणस्नेही घरसंसार म्हणतात, तो गावगाड्याचा संसारच होय. फक्त त्यातला गावगाडा पुसून वस्तू तेवढ्या दुकानात मांडल्या आहेत.

करवंटीचेच घ्या. महाराला, मांगाला, चांभाराला चहा पाजायचा तर कपाला विटाळ होतो, म्हणून सवर्णाच्या दारात वळचणीला करवंटी खोचून ठेवलेली असे. पिणाऱ्याने ती आपल्या हाताने काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुवायची आणि पुन्हा तिथेच खोचायची. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे या माणसाला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला चहाचे हॉटेल काढून दिले, आणि स्वतः तिथे जाऊन त्याच्या हातचा चहा घेतला. त्या हॉटेलाचे महत्त्व चहात नव्हते. एका अस्पृश्याच्या हातचा कप राजाच्या ओठाला लागला, यात होते. आमच्या बापजाद्यांनी करवंटी फेकून कप हातात घेतला, ती क्रांती होती. आता तीच करवंटी पॉलिश करून, खाली सागाचा तुकडा लावून, दुकानात विकायला ठेवली आहे. ती विकत घेणाऱ्याला दोष देण्यात हशील नाही, त्याला बहुधा हा इतिहासच ठाऊक नसतो. पण ज्याच्या घरात तो ठाऊक आहे त्याने त्या पेल्याकडे बघून तोंड फिरवले, तर त्याला पर्यावरणाचे शत्रू म्हणू नये एवढेच माझे म्हणणे आहे. मडके आणि झाडू यांचेही तसेच. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडके आणि कमरेला पाऊल पुसण्यासाठी झाडू असे, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त नोंदविली आहे. माती आणि शिंदी, दोन्ही वस्तू शंभर टक्के नैसर्गिक.

आता हिरड्याकडे येऊ.

हिरडा तुरट असतो. तो तुरटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला शास्त्रात टॅनिन म्हणतात. या टॅनिनचा एक गुण आहे. ते प्रथिनाला घट्ट धरून ठेवते. तोंड आले असता बाभळीच्या सालीच्या काढ्याने गुळण्या केल्या की सोललेली त्वचा आवळली जाते, आग कमी होते, ते यामुळे. मेलेल्या जनावराचे कातडे त्याच सालीच्या पाण्यात मुरविले की त्यातले प्रथिन पाण्यात विरघळेनासे होते, कुजेनासे होते, आणि कातड्याचे चामडे होते, तेही यामुळेच. लोखंडाच्या क्षाराशी तेच द्रव्य मिळाले की काळा रंग धरते, ती शाई. वैद्याच्या खलात, कुलकर्ण्याच्या दौतीत आणि ढोराच्या कुंडात एकच क्रिया चालू होती. पण वैद्याच्या ज्ञानाला शास्त्र म्हणण्यात आले, कुलकर्ण्याच्या ज्ञानाला विद्या, आणि ढोराच्या ज्ञानाला धंदा. शाईने आमच्याविरुद्धचे कागद लिहिले, हे जाता जाता नमूद करतो.

ढोराचे काम मी लहानपणी पाहिलेले आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. कारण हा तपशील पुस्तकांत फारसा सापडत नाही. कातडे आले की ते आधी पाण्यात भिजवायचे, आतल्या बाजूचे मांस खरवडून काढायचे. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस. चुन्याने केस सैल होतात, ते रापून काढायचे. पुन्हा धुऊन धुऊन चुना घालवायचा, कारण चुना राहिला तर चामडे तडकते. हे धुणे बहुधा बायकांच्या वाट्याचे. नंतर बाभळीची साल कुटून आणि हिरड्याची भरड करून त्याच्या पाण्यात कातडे मुरवायचे. शेवटी कातडे शिवून त्याची पिशवी करायची, ती उंच टांगायची, आत साल आणि पाणी भरायचे. पाणी हळूहळू झिरपून खाली जमते, ते पुन्हा वर ओतायचे, पुन्हा झिरपू द्यायचे. असे आठवड्यांमागून आठवडे. कुंडातले पाणी किती जोरकस आहे ते आमची आज्जी बोट बुडवून जिभेला लावून सांगे. तिच्यापाशी ना तराजू होता ना घड्याळ. उन्हाळ्यात किती दिवस आणि पावसाळ्यात किती, म्हशीच्या कातड्याला किती आणि बैलाच्या कातड्याला किती, याचा हिशेब तिच्या जिभेवर होता.

याच सालीचा काढा आमच्या घरात दात हलले, हिरडी सुजली, तोंड आले की वापरत. जनावराच्या खुराची जखम त्यानेच धूत. चुन्याने हाताला भेगा पडत त्यांवर करंजाचे तेल. पोरांच्या पोटाला ओवा, खोकल्याला अडुळसा, तापाला गवती चहा. बाभळीचा डिंक बाळंतिणीला. गावातल्या मोठ्या वाड्यातली बाई तोंड आल्यावर आमच्या वस्तीच्या कडेला उभी राहून हाक मारी, "अगं ए, साल हाय का गं वाईच?" आज्जी म्हणे, "हाय की वैनीसाब, थांबा, वरनं टाकते." साल पदरात वरून पडे. साल बाटत नव्हती, हात बाटत होता. मोटेचे उदाहरण तर याहून ठसठशीत. ढोराने कमावलेल्या कातड्याची मोट विहिरीत बुडून वर येई, त्या पाण्यावर सगळ्या गावाचा मळा पिके, पाटाला तोंड लावून सवर्णही ते पाणी पीत. पण त्याच विहिरीच्या काठावर ढोराची घागर चालत नसे. कातडे पवित्र, कमावणारा अपवित्र, असला हा हिशेब आहे.

तेव्हा घरगुती औषध ही आमच्या बायकांची आवड नव्हती. दुसरे काही मिळत नव्हते म्हणून ते होते. वैद्य नाडी धरीत नसे, डॉक्टर वस्तीत येत नसे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर कसाबसा आला, पण तिला हात लावला नाही. तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने तो परत आला. ती बाई वाचली नाही. त्याच्याही आधी, १८५५ साली, मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहून आपल्या बायका डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात हे जगाला सांगितले. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते. आपल्याकडे स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या निबंधापासून सुरुवात करायला हवी, पण ते बहुधा चरकापासून करतात.

गावची सुईण पुष्कळ ठिकाणी मांगाची किंवा महाराची बाई असे. नाळ कापणे विटाळाचे, म्हणून ते काम तिचे. जगात येणाऱ्या पाटलाच्या पोराला पहिला स्पर्श अस्पृश्य बाईचा होई आणि बाराव्या दिवसानंतर ती बाई त्याला शिवायची नाही. पण इथे आपण आपल्याच बाजूने आंधळे होऊ नये. सुईणीच्या हातात मोठे कसब होते, पोट चोळून आडवे मूल वळवणाऱ्या बाया होत्या. आणि विळ्याने नाळ कापून तिच्यावर शेण किंवा राख दाबण्याची चालही ठिकठिकाणी होती. त्या चालीने धनुर्वात होऊन किती अर्भके गेली त्याची नोंद कुठे नाही. लस आणि स्वच्छ पाते आले तेव्हा हे थांबले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे मान्य केले. जे जे जुने ते ते नैसर्गिक आणि जे जे नैसर्गिक ते ते हितकारक, असे म्हणणाऱ्यांपुढे ही मेलेली पोरे उभी केली पाहिजेत. शाहू महाराजांना हे कळत होते. १९१९ साली त्यांनी दवाखान्यांत अस्पृश्य रोग्यांना इतरांसारखेच वागविण्याचे हुकूम काढले. त्यांनी आम्हाला झाडपाल्याची थोरवी सांगितली नाही. दवाखान्याचे दार उघडून दिले.

बाबासाहेबांचाही कल याच दिशेने होता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायकांना सांगितले की, गुडघ्यापर्यंतचे लुगडे, कथलाचे दागिने, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वच्छ राहा. त्याच वर्षी मार्चात चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले होते. पाणीच नसताना राखेने भांडी घासणे ही निवड नसते, हे त्या दोन घटना जोडून पाहिल्या की कळते. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी, ढोरे ओढणे सोडल्याने तुमच्या कातड्याचे, शिंगांचे, खुरांचे उत्पन्न बुडाले असे कळवळून सांगणाऱ्यांचा समाचार घेतला. फायदा आहे ना, मग तो तुम्हीच घ्या, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या आव्हानाला आजतागायत कोणी पुढे आलेले नाही.

गांधीवाद्यांनी वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय काढले, सवर्ण तरुणांनी कातडे कमावण्याचे काम शिकले, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे मोल मी कमी करीत नाही. पण ते शिकून सोडून देऊ शकत होते. आमच्या वस्तीतला पोरगा शिकल्याशिवाय ते सोडू शकत नव्हता. मला शाळेत मागच्या खिडकीजवळ बसवीत, वास येतो म्हणून. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, तशा शाळा पुष्कळ होत्या. माझ्या पिढीतल्या मुलांनी नोकऱ्या धरल्या, कुंडे बुजवली, त्यांवर सिमेंटची घरे बांधली. या बुजवण्याला कोणी परंपरेचा ऱ्हास म्हणू लागला की मला राग येतो.

आणि तरी ज्ञान गेले, हेही खरे. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि आपल्या चळवळीने याचा विचार नीट केलेला नाही.

बाहेरच्या जगात काय झाले पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत निघाली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. सगळ्या जगाचे चामडे त्या वाटेने गेले आणि त्याचे सांडपाणी नद्यांत गेले. आता शंभर-सव्वाशे वर्षांनी तेच जग पुन्हा सालीने कमावलेले चामडे मागू लागले आहे. सालीची रीतही अगदी निरुपद्रवी नव्हे, चुन्याचे आणि मांसाच्या अंशांचे पाणी ओढ्यात गेले की ओढा नासतोच. पण जड धातूचे विष तिच्यात नसते. कोल्हापुरी चपलेचे वैशिष्ट्य नेमके हे की तिचे कातडे सालीने आणि हिरड्याने कमावलेले, तिला खिळा नाही, शिवण कातड्याच्याच वादीची. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे कर्नाटकाचे चार. भाषावार प्रांतरचनेने सीमा आखली, पण अथणी-निपाणीचा चांभार आणि कागल तालुक्यातल्या कापशीचा चांभार एकच वहाण शिवत राहिला. या मुलखात बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या अनुभवमंडपात कक्कय्या ढोर आणि हरळय्या चांभार बसत होते, याची आठवण या निमित्ताने ठेवावी.

२०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तसल्याच चपला फॅशनच्या मंचावर आणल्या. कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर ती भारतीय कारागिरीवरून सुचलेली आहे असे कंपनीने कबूल केले. तेव्हा आमच्याकडचे अनेक लोक 'आपला वारसा चोरला' म्हणून रस्त्यावर आले. त्यांत ज्यांच्या वाड्यात चांभाराने वहाण उंबऱ्याबाहेर ठेवून जायची रीत होती त्यांची नातवंडेही होती. वारसा 'आपला' केव्हा होतो, तर तो परदेशी माणसाने उचलला की होतो.

हळदीच्या वेळीही असेच झाले होते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने झगडून ते १९९७ साली रद्द करविले. तो विजय मोठा होता. पण तो कशाच्या बळावर मिळाला? जुन्या ग्रंथांतल्या आणि नियतकालिकांतल्या छापील पुराव्यावर. २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा जो सरकारी कोश सुरू झाला तोही आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतून भरला गेला. ज्याची पोथी आहे त्याच्या ज्ञानाला राखणदार मिळाला. ज्याला अक्षर शिकण्याची बंदी होती त्याच्या जिभेवरचे ज्ञान पुरावा ठरत नाही. आज्जीच्या बोटाने चाखलेले कुंडाचे पाणी कोणत्या ग्रंथात दाखविणार?

आपसांतलीही एक गोष्ट बोलली पाहिजे. ढोर चांभाराला आणि चांभार ढोराला कमी लेखीत आला. सोलणारा महार दोघांनाही नकोसा. एकाच कातड्यावर पोट असणाऱ्या तीन जातींत रोटी-बेटी नाही. मानांकनाचा फायदा शिवणाऱ्यापर्यंत थोडाफार पोचला, कमावणाऱ्यापर्यंत कमी. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कातड्याचा पुरवठा आटला, म्हशीच्या कातड्यावर भिस्त राहिली. २०१६ साली उन्यात मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारले, त्यानंतर तर कातड्याची गाडी भरताना माणूस चार वेळा मागे पाहतो. पुष्कळ कोल्हापुरी चपलांचे चामडे आता बाहेरच्या प्रांतांतून येते.

आमच्या महाविद्यालयीन तरुणांना माझे एक काम सांगणे आहे. आपापल्या वस्तीतल्या ऐंशीच्या पुढच्या बायांकडे जा. कातडे, साल, दोर, टोपली, बाळंतपण, झाडपाला, जे काही त्यांनी हाताने केले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, ते कुठे चुकत होते तेही लिहा, आणि खाली त्यांचे पूर्ण नाव घाला. 'एक वृद्ध महिला' असे लिहू नका. मी गेल्या तीन उन्हाळ्यांत असे सहा जणींकडून लिहून घेतले. त्यांपैकी एकीने सालीच्या पाण्याच्या जोरकसपणाला वेगवेगळे चार शब्द सांगितले, ते मला कोणत्याही कोशात आढळले नाहीत. पाचवा तिला आठवत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने नातवाला पाठवून तो कळविला.